जंगल राखले, पाचोळ्याचे काय?

पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाचा अनेक दशके रेंगाळलेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी निकाली काढला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली दप्तरांत ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली जमीन ही १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशानुसार वनच मानली जाईल, असे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले. त्या तारखेपूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी अशा जमिनींवर दिलेल्या घरांना, शाळांना, कार्यालयांना दिलासा मिळाला आणि निकालाची चर्चा साहजिकच याच बाबीभोवती फिरली. या निकालात आणखी एक निर्देश होता. तीन हेक्टरांपेक्षा लहान आणि कोणत्याही वनक्षेत्राला लागून नसलेले झुडपी जंगलाचे सुटे तुकडे ‘संरक्षित वन’ म्हणून घोषित करावेत आणि तेथे अतिक्रमण होऊ न देण्याची जबाबदारी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांवर ठेवावी, असा तो निर्देश.

कायद्याच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल आहे. ज्या तुकड्यांना गावाने ‘पडीक’ आणि सरकारने ‘निरुपयोगी’ म्हटले, त्यांना प्रथमच वनाचा दर्जा मिळत आहे. परंतु कागदावर वन म्हणून नोंद होणे आणि जमिनीवर वन म्हणून जिवंत राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुंपण घातले, फलक लावला, अतिक्रमण रोखले, तरी एखादा तुकडा आतून संपत जाऊ शकतो. ही झीज झाडांच्या शेंड्याकडे पाहून कळत नाही. ती कळते झाडांच्या पायथ्याशी, तेथे पाचोळा उरला आहे की नाही यावरून. भंडारा जिल्ह्याइतके या प्रश्नाचे नेमके उदाहरण शोधून सापडणे कठीण.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा भाताचा आणि तलावांचा म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर उरलेल्या जिल्ह्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. पण हे वन सलग नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट असलेले सुमारे १०० चौरस किलोमीटरचे कोका अभयारण्य एका बाजूला, पवनी तालुक्यापर्यंत पोहोचलेले उमरेड-कऱ्हांडला दुसऱ्या बाजूला, तुमसर तालुक्यात मँगनीजच्या खाणींना खेटून असलेले डोंगर तिसरीकडे, आणि या सर्वांच्या मध्ये भाताच्या बांध्या, गावे, तलाव, विजेच्या तारा. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६, जातो. गोंदिया-चंद्रपूर लोहमार्गही याच पट्ट्याला छेदतो. वाघांच्या भ्रमणमार्गाच्या निमित्ताने या तुटलेपणाची चर्चा होते. वाघ दिसतो, रस्ता ओलांडतो, कधी रस्त्यावर मरतो. म्हणून त्याची बातमी होते. पाचोळ्याची बातमी होत नाही.

येथील वन उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, चार, पळस ही त्यातली नेहमीची झाडे. हिवाळा सरत आला की पानगळ सुरू होते आणि एप्रिलपर्यंत बरीच झाडे उघडी पडतात. पान गाळण्यापूर्वी झाड त्यातील नत्र आणि स्फुरद यांचा मोठा हिस्सा, साधारण निम्मा, फांद्यांमध्ये ओढून घेते. उरलेला हिस्सा पानासोबत जमिनीवर येतो. अशा शुष्क वनांत वर्षाला हेक्टरी साधारण पाच ते सात टन पाला, काटक्या, फुले आणि फळे जमिनीवर पडतात. त्यात सुमारे दोन तृतीयांश वाटा पानांचा असतो. शेतात खताची गोणी रिकामी करणारा कोणीतरी असतो. जंगलाला खत घालणारा कोणी नाही. गेल्या वर्षीचा पाचोळा हेच त्याचे पुढल्या वर्षीचे खत.

हे खत पिकांच्या खतासारखे लगेच विरघळत नाही, यातच या वनाची हुशारी आहे. वाळवी, गांडुळे, बुरशी आणि सूक्ष्मजीव पाचोळ्याचे तुकडे करतात, तो पचवतात आणि त्यातील पोषणद्रव्ये काही काळ स्वतःच्या शरीरात साठवून ठेवतात. बनारस हिंदू विद्यापीठातील जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंध्य परिसरातील शुष्क वनांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मातीतील सूक्ष्मजीवांच्या शरीरात साठलेले नत्र आणि स्फुरद उन्हाळ्यात सर्वाधिक असते आणि पावसाळ्यात सर्वांत कमी होते, असे त्यांना आढळले. झाडे निष्पर्ण आणि निद्रिस्त असताना ही ठेव सांभाळली जाते. पाऊस पडून मुळे जागी झाली की ती मोकळी होते. गरीब मातीवर एवढे जंगल कसे उभे राहते, या कोड्याचे उत्तर या वेळापत्रकात आहे. पोषण मातीत जितके आहे, त्याहून महत्त्वाचे ते केव्हा आणि कोणाच्या ताब्यात आहे.

आणि नेमक्या याच वेळी, फेब्रुवारी ते जूनच्या दरम्यान, वणवा येतो.

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. पानझडी वनातील वणवा हा बहुधा जमिनीवरून सरकणारा असतो. तो मोठ्या झाडांना उभे जाळत नाही. आठवडाभरात धग शमते, पहिल्या सरींनंतर हिरवळ येते आणि जंगल पूर्ववत झाल्यासारखे दिसते. मात्र पाचोळ्यातील नत्र सुमारे २०० अंश सेल्सिअसपासूनच वायुरूप होऊन निघून जाऊ लागते. स्फुरद, पालाश आणि चुना यांचा बराच भाग राखेत उरतो, पण त्या राखेला जागेवर धरून ठेवणारे काही उरत नाही. मृगाच्या जोरदार सरी उघड्या उतारावर पडतात आणि राख ओढ्यांतून वाहून जाते. सागाच्या रुंद पानांवरून ओघळणारे मोठे थेंब तर अशा उघड्या जमिनीला अधिकच खरवडतात. जी ठेव हळूहळू वापरायची, ती एका रात्रीत उधळली जाते. जळीत जमिनीवर उगवणारी कोवळी हिरवळ हे त्या उधळपट्टीचेच दृश्य रूप. ते समृद्धीचे लक्षण समजण्याची चूक अनेकदा होते.

वणवे का लागतात, याचे उत्तर देताना बोट लगेच गावाकडे वळते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. वाळल्या पाचोळ्यात ती दिसत नाहीत. म्हणून झाडाखालची जागा जाळून साफ केली जाते. तेंदूच्या झुडपांना नवी, मऊ, बिडीला योग्य पाने यावीत म्हणून छाटणीबरोबर आगही लावली जाते. ही दोन्ही कारणे खरी आहेत. पण त्यामागची गरजही तितकीच खरी आहे. रब्बीचे पाणी नसलेल्या कोरडवाहू भात उत्पादक कुटुंबाला उन्हाळ्यात रोख पैसा देणारी हीच दोन उत्पन्ने आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये मोहफुलांच्या संकलनावरील, साठवणुकीवरील आणि वाहतुकीवरील निर्बंध उठवल्याने या उत्पन्नाचे महत्त्व वाढलेच. ज्याला जून महिन्यात बियाणे घ्यायचे आहे, त्याला दहा वर्षांनी मातीतील नत्र घटेल, असे सांगून आग थांबत नाही.

आगीची किंमत माणसांनीही मोजली आहे. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्याच्या परिसरात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा मृत्यू झाला. हातात झाडाच्या फांद्या आणि पाने उडवणारी यंत्रे घेऊन, वारा फिरेल तसे धावत, ही माणसे आग अडवतात. पाचोळा वाचवणे हे निसर्गप्रेमींच्या भाषणाचे काम नसून रोजंदारीवर जिवाची जोखीम घेऊन केले जाणारे काम आहे, हे त्या दिवशी दिसले.

सलग मोठ्या जंगलात एका बाजूला आग लागली, तरी दुसरी बाजू वाचते. तेथून बिया येतात, सूक्ष्मजीव, किडे येतात, चरणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून पोषणद्रव्ये पसरतात. तुकड्याला ही सोय नसते. येथे साधे अंकगणित पुरेसे आहे. तीन हेक्टरांचा चौरस तुकडा घेतला, तर त्याची एक बाजू सुमारे १७३ मीटर भरते. कडेचे ऊन, वारा, गुरे आणि आग यांचा परिणाम पन्नास मीटर आतपर्यंत होतो असे धरले, तर मधोमध उरणारी खरी वनभूमी जेमतेम अर्धा हेक्टर. एकूण क्षेत्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. हाच परिणाम शंभर मीटर आत गेला, तर आत काहीच उरत नाही. सगळाच तुकडा म्हणजे कड. याउलट १०० चौरस किलोमीटरच्या चौरस जंगलात पन्नास मीटरची कड वगळूनही ९८ टक्के क्षेत्र आत राहते. क्षेत्रफळाच्या तक्त्यात तीन हेक्टरांचे शंभर तुकडे आणि तीनशे हेक्टरांचे एक जंगल यांची बेरीज सारखी येते. मातीच्या हिशेबात ती सारखी येत नाही.

तुटलेल्या वनांचा सर्वांत दीर्घ अभ्यास ब्राझीलमध्ये झाला आहे. थॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये मनाउस शहराच्या उत्तरेस ॲमेझॉनच्या वनात एक, दहा आणि शंभर हेक्टरांच्या तुकड्यांवर हा प्रकल्प सुरू झाला. कडेच्या पट्ट्यात झाडे अधिक मरतात, पानगळ वाढते, साचलेला पाचोळा कोरडा पडून आगीला आमंत्रण देतो आणि शेण मातीत मिसळणाऱ्या भुंग्यांची संख्या लहान तुकड्यांत घटते, असे तेथे दिसून आले. अर्थात ॲमेझॉनचे सदाहरित वन आणि भंडाऱ्याचे पानझडी वन यांत फरक आहे. येथे उन्हाळ्यात सारेच वन निष्पर्ण असल्याने कड आणि गाभा यांच्या उष्णतेतला फरक तितका तीव्र नसावा. पण त्यामुळे निश्चिंत होण्याचे कारण नाही. येथील कडेवर ऊन-वाऱ्याच्या जोडीला माणूस आणि गुरे यांचा वावर आहे, आणि तो बाराही महिने आहे.

गुरांचे उदाहरण बोलके आहे. गावची जनावरे दिवसा झुडपी जंगलात चरतात आणि रात्री गोठ्यात बांधली जातात. पाला-गवत जंगलातून येते. शेणाचा मोठा भाग गोठ्यात पडतो, उकिरड्यावर कुजतो आणि पुढे भाताच्या बांधीत जातो, किंवा गोवऱ्या होऊन चुलीत जळतो. जंगलातून गावाकडे पोषणद्रव्यांची अशी वाहतूक रोज होते. उलट दिशेने काहीच जात नाही. त्यात मोहाखालचा पाला, कुंपणाच्या काट्या आणि सरपण यांची भर पडते. एकेकाळी झुडपी जंगल विस्तीर्ण आणि गुरे विखुरलेली होती, तेव्हा हा बोजा पेलत असे. आता तेवढाच बोजा दोन-तीन हेक्टरांवर येतो.

याचा संबंध शेतीशी आणि म्हणून शहराशीही आहे. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, जे कोहळी समाजाच्या पिढ्यांनी बांधले, त्यांच्या वरच्या अंगाला अनेक ठिकाणी जंगल असते. पाचोळ्याने झाकलेली जमीन पाणी मुरवते आणि थोडी-थोडी सुपीक माती खाली सोडते. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढून तो शेतात टाकण्याची रीत या व्यवस्थेवरच उभी होती. वरचा उतार जळून उघडा पडला की पाणी धावत येते, गाळात कसदार मातीऐवजी रेती आणि मुरूम वाढतो आणि तलाव भरून येतो. २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तेव्हा गाळ काढण्याचा विचार झाला. गाळ कोठून आणि का येतो, याचा विचार त्यासोबत झाला तरच ती योजना दरवर्षी नव्याने करावी लागणार नाही.

पाला उचलल्याने वन खंगते, हा अनुभव नवा नाही आणि केवळ गरीब देशांचाही नाही. जर्मनीत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत शेतकरी गोठ्यात अंथरण्यासाठी जंगलातला पाला वर्षानुवर्षे ओढून नेत. झाडांची वाढ खुंटू लागली, तेव्हा बव्हेरियातील अर्न्स्ट एबरमायर यांनी पाचोळ्यात किती पोषणद्रव्ये असतात याची मोजदाद केली आणि १८७६ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. वनातील पोषणचक्राच्या शास्त्राची ती पायाभरणी मानली जाते. म्हणजे जवळपास दीडशे वर्षांपूर्वी वनशास्त्राला जे उमगले, ते आजच्या वनमोजणीत अद्याप उतरलेले नाही.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर क्षेत्रावर किमान दहा टक्के वृक्षछत्र असेल, तर ते वनाच्छादन. ही मोजणी उपग्रहातून होते आणि देशव्यापी चित्रासाठी ती उपयुक्तच आहे. पण उपग्रहाला दिसते ते छत्र. त्याखालची जमीन झाकलेली आहे की उघडी, हे त्याला कळत नाही. वणव्याच्या सूचना देणाऱ्या उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा असतो. तीन हेक्टरांच्या तुकड्यात आग लागली, तर ती सूचना जंगलाची की शेजारच्या बांधीत जाळलेल्या तणसाची, हे जाऊन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. परिणामी असा तुकडा दरवर्षी जळत राहूनही अहवालात वर्षानुवर्षे ‘वन’ राहू शकतो.

धोका आणखी एका बाजूने आहे. अन्य प्रकल्पांसाठी वनजमीन दिली गेली की पर्यायी वनीकरणासाठी जमीन शोधली जाते आणि नजर झुडपी जंगलाकडे वळते. वनेतर जमीन उपलब्ध नसल्याचे मुख्य सचिवांनी प्रमाणित केल्याखेरीज झुडपी जमीन त्यासाठी वापरू नये, असा अंकुश न्यायालयाने ठेवला आहे. तो आवश्यकच होता. वनीकरण म्हणजे बहुधा झुडपे साफ करून खड्डे खणणे आणि रांगेत रोपे लावणे. बरड जमिनीवर पळस, बोर, तेंदू यांच्या झुडपांनी वर्षानुवर्षे जमवलेला पाचोळ्याचा थर या साफसफाईत पहिल्यांदा जातो. झाडे लावण्याच्या नादात झाडांना जगवणारी माती घालवणे, याला वनीकरण म्हणणे कठीण.

मग करायचे काय? पाचोळ्याला हात लावू नका, असा फतवा काढणे सोपे आणि निष्फळ आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात बहुतेक गोष्टींना मनाई असते. संरक्षित वनात मात्र विशिष्ट मनाई नसेल तर लोकांचा वापर सुरू राहतो. म्हणजे हे तुकडे गावाच्या सहभागानेच राखावे लागणार. मोहाच्या झाडाखाली जाळी अंथरली, तर फुले स्वच्छ मिळतात, वेळ वाचतो आणि जाळण्याची गरजच उरत नाही. जाळी शक्य नसेल, तेथे पाला झाडून बाजूला ढीग करणे आणि हंगामानंतर तो पुन्हा पसरवणे, हा बिनखर्चाचा मार्ग आहे. गावात मोहाची झाडे बहुधा कुटुंबनिहाय वाटलेली असतात. त्यामुळे कोणत्या झाडाखाली आग लागली, हे गावापासून लपत नाही. जाळ्यांचा खर्च वणवा विझवण्याच्या खर्चापेक्षा आणि मजुरांच्या जिवापेक्षा खचितच स्वस्त आहे.

तेंदूबाबत शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या या गावाने तेंदूपत्ता तोडायचाच नाही, असा निर्णय ग्रामसभेत घेतला. छाटणी आणि आग यांनी जंगलाचे नुकसान होते, हे त्यामागचे एक कारण. पाचगावला बांबूच्या उत्पन्नाचा आधार होता. प्रत्येक गावाला तो नसतो. म्हणून पाचगावची नक्कल सर्वत्र होणार नाही. पण आग लावायची की नाही, हा निर्णय ज्याचे पोट जंगलावर आहे त्याने स्वतः घेतला तर तो टिकतो, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो.

प्रशासनाच्या हातातही बरेच आहे. तुकडे संरक्षित वन म्हणून घोषित करताना केवळ गट क्रमांक आणि क्षेत्र न नोंदता जमिनीवर पाचोळा किती आहे, गेल्या उन्हाळ्यात आग लागली का, गुरे किती चरतात, याची साधी नोंद ठेवता येईल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. मीटरभर चौकोनातला पाला तागडीत तोलला तरी पुरते. एक-दोन पावसाळे आळीपाळीने तुकडे चराईतून मोकळे ठेवता येतील. भाताच्या धुऱ्यांवर मोह, पळस, आंबा ही झाडे पूर्वापार आहेत. त्यांच्या रांगा राखून जवळचे तुकडे एकमेकांना जोडता येतील.

न्यायालयाने भंडाऱ्याच्या लहानशा झुडपी तुकड्यालाही वन म्हटले, तेव्हा त्याने त्या जमिनीची सीमा आखून दिली. त्या सीमेच्या आत काय टिकते, हे न्यायालय ठरवू शकत नाही. ते ठरेल दर उन्हाळ्यात, मोहाची फुले गळू लागतील तेव्हा. आणि त्याचा निकाल पहिल्या पावसात ओढ्याचे पाणी काळे येते की स्वच्छ, यावरून गावातल्या कोणालाही वाचता येईल.